ग्रस्तोदित

नेब्रास्कातल्या एका काउंटी ऑफिसात
दोन महिन्यांच्या कंत्राटावर मी कागद स्कॅन करते.
आज खोका क्रमांक अठरा : विल्बर्न, गाव हलवणे, १९४९.
झाकणावर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय,
उंदरांनी खाल्लेलं वगळा.

तर गाव. चारशे सहा माणसं,
एकमेकांशी न बोलणारी दोन चर्च,
धान्याचं कोठार,
आणि एक नदी, जी दर दोन-चार वर्षांनी
उंबऱ्यापर्यंत येऊन विचारपूस करून जायची.
मग सरकारने नदीला म्हटलं, थांब.
आणि गावाला, चल.

घरं चाकांवर निघाली.
टेरवॉर्ट नावाचा माणूस, त्याचे जॅक, ओंडके, दोन ट्रक,
चढावर ताशी दोनशे पावलं.
टेलिफोनचं एक्स्चेंज ओटिली व्होंद्राचेकच्या पुढच्या खोलीत होतं,
ते तीन दिवस रस्त्यावर होतं.
मागे तारेचं रीळ उलगडत चाललेलं
आणि ही आत बसून जोडण्या लावतेय.
लिंकनहून कुणी विचारलं, विल्बर्न का?
ती म्हणाली, हो. म्हणजे, जवळपास.
हे सगळं तिने बोर्डाला बिलासोबत लिहून पाठवलंय.
तार, सव्वाचार मैल.
शेरा : नामंजूर.

कबरी दोनशे चौदा.
खोक्यांची मापं दोनच, मोठं सहा डॉलर, लहान चार.
लहान कमी पडली, पुन्हा मागवावी लागली.
एका कबरीत नुसती बटणं निघाली.
रकान्यात काय भरावं ते कारकुनाला सुचलं नसावं,
तिथे शाईचा एक मोठा थेंब आहे, मग लिहिलंय :
बटणं ७. हलवली.

नदीकाठच्या टेकाडावर आणखी हाडं होती,
गाव वसायच्या कितीतरी आधीची, पॉनी जमातीची.
त्यांच्यासमोर रेघ आहे. नुसती रेघ.
त्यांच्या माणसांना कुणी, कधी, कुठे हलवलं
त्याचा खोका या इमारतीत नाही.
मी विचारून आले.

नवं गाव इंजिनिअरने पट्टीने आखलं.
सरळ रस्ते, गटारं, नळ,
झाड एकही नाही.
पहिल्या उन्हाळ्यात म्हातारे
बँकेच्या सावलीबरोबर सरकत बसायचे,
सकाळी पश्चिमेच्या भिंतीला, दुपारनंतर पूर्वेच्या.
पोस्टातून परतताना माणसं
मोकळ्या मैदानात उगाच वळसा घालायची,
खालच्या गावात तिथे ब्रुनिंगचा गोठा आडवा यायचा म्हणून.

फाईलभर एकच शब्द आहे, रिलोकेटेड.
कपाट सरकवावं तसा.
माझ्या भाषेतला शब्द मला
चौथीच्या हजेरीपटात भेटला होता,
शेवटच्या बाकावरच्या एका मुलाच्या नावापुढे कंसात :
धरणग्रस्त.
मला ते आडनाव वाटायचं.
ग्रस्त. पंचांग चंद्रालाही तेच म्हणतं,
ग्रस्तोदित,
म्हणजे उगवतानाच थोडा खाल्लेला.

उंदरांनी खाल्लेले कागदही मी काचेवर ठेवले.
खाल्लेली जागा पडद्यावर काळी उमटते. उमटू दे.

शनिवारी गाडी काढून गेले.
तळ्यावर मोटरबोटी, तळलेल्या माशाचा वास.
पाण्याखाली घंटाबिंटा काही वाजत नव्हती.
घंटा बोर्डाने भंगारात घातली,
एकोणीस डॉलर, पावती मीच स्कॅन केलीय.

नव्या विल्बर्नमध्ये पेट्रोल भरलं.
सुटे पैसे मोजता मोजता पंपावरचा माणूस म्हणाला,
खाली जाऊन आलात वाटतं? वारा असतो खाली.
त्याचा जन्म सत्तावन्नचा, त्यानेच सांगितलं.
त्याने खाली कधी पाहिलेलं नाही.